लायबेरियात कारखाना काढावा का? करारातला आकडा आणि बाजारातला पैसा

प्रश्नकर्त्यांनी थोडक्यात असे लिहिले आहे. सांगलीजवळ त्यांचा प्लास्टिक फिल्म आणि पाण्याचे पाऊच तयार करण्याचा लहान कारखाना आहे. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या राजधानीत, मोनरोव्हियात, दुकान चालवणारे त्यांचे एक नातेवाईक तिथे पाऊचमधील पाण्याचा प्रकल्प काढण्याचा आग्रह करीत आहेत. लायबेरियातील युद्ध संपून वीस वर्षे उलटली आणि अब्जावधी डॉलरचे परदेशी करार झाले, तरी देश गरीबच कसा राहिला, आणि अशा देशात आपण पैसा घालावा का, असे त्यांनी विचारले आहे.

मी २००८ ते २०१९ या काळात मोनरोव्हियात धान्य, सिमेंट आणि घरगुती वस्तूंची आयात व वितरण करणाऱ्या एका खासगी कंपनीचे हिशेब सांभाळत होतो. त्यामुळे माझे उत्तर सरकारी कचेरीतून किंवा खाणीवरून आलेले नाही, ते गोदामातून आणि रोकडवहीतून आलेले आहे. त्याची मर्यादा आधीच सांगतो: मी परत आल्यानंतर तिथे सत्तांतर झाले आहे, वीज आणि रस्ते बदलले आहेत, आणि तुमच्या नातेवाइकांची तिथली कायदेशीर स्थिती काय आहे यावर निम्मे उत्तर अवलंबून आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. परदेशी गुंतवणूक आली की देश सावरतो आणि देश सावरला की लहान कारखाना चालतो, असे आपण मनात धरून चालतो. लायबेरियात या साखळीचे दुवे एकमेकांत नीट अडकलेले नाहीत. तिथे सरकारचे हिशेब लवकर सावरले, परदेशी पैसाही आला, पण तो बाजारातून फारसा फिरला नाही. म्हणून करारांचे आकडे पाहून तुमच्या कारखान्याचा निर्णय घेऊ नका, इतके मी सुरुवातीलाच सांगतो. असे का म्हणतो, ते आता सविस्तर लिहितो.

आधी पडझड किती खोल होती ते समजून घ्यावे लागेल. २४ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झालेला संघर्ष, मधल्या अल्प विश्रांतीसह, ऑगस्ट २००३ मधील घानातल्या अक्रा येथील शांतता करारापर्यंत चालला आणि त्यात सुमारे अडीच लाख माणसे मरण पावली, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. १९८७ ते १९९५ या आठ वर्षांत देशाचे उत्पन्न सुमारे ९० टक्क्यांनी घसरले. शंभर रुपयांची उलाढाल दहा रुपयांवर यावी, तसे हे आहे. येकेपाची लोहखनिजाची खाण बंद पडली. सेंट पॉल नदीवरचे माउंट कॉफी जलविद्युत केंद्र १९९० मध्ये निकामी झाले, आणि नंतर त्याची यंत्रसामग्री व तारा भंगारात गेल्या. पण यंत्रांपेक्षा मोठे नुकसान माणसांचे झाले. फिटर, लेखनिक, सर्वेक्षक, शाळामास्तर देश सोडून गेले आणि चौदा वर्षे मुलांची एक पिढी शाळेबाहेर वाढली. २००८ मध्ये मला गोदामासाठी साठा-नोंद ठेवू शकणारा माणूस शोधायला चार महिने लागले. जे गृहस्थ मिळाले ते युद्धापूर्वी एका खाणीच्या भांडारात कामाला होते आणि त्यांचे वय साठीच्या पुढे होते.

सरकारचे हिशेब मात्र खरोखरच झपाट्याने सुधारले, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जानेवारी २००६ मध्ये एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा सरकारचा वार्षिक अर्थसंकल्प साधारण आठ कोटी डॉलरचा होता, म्हणजे माणशी पंचवीस डॉलरसुद्धा नव्हे. आदल्या वर्षीच्या एका आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनुसार बंदर, विमानतळ, वनखाते, मध्यवर्ती बँक अशा पैसा येणाऱ्या संस्थांत परदेशी नियंत्रकाची सही असल्याशिवाय मोठा खर्च होत नसे. स्वाभिमानाला ते टोचणारे होते, पण गळती थांबली. लाकडाच्या निर्यातीवरचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध २००६ मध्ये आणि हिऱ्यांवरचे एप्रिल २००७ मध्ये उठले. जून २०१० मध्ये साडेचार अब्ज डॉलरहून अधिक परदेशी कर्ज माफ झाले. प्रामाणिक आणि जाणती अशी मूठभर माणसे योग्य खुर्च्यांवर बसली की एवढे होऊ शकते. पण कर्ज माफ झाल्याने गल्लीत वीज येत नाही.

आता परदेशी गुंतवणुकीकडे येतो. तिथे दीर्घ मुदतीच्या मोठ्या करारांना सगळे ‘कन्सेशन’ म्हणतात आणि त्यांची परंपरा जुनी आहे. फायरस्टोन कंपनीने १९२६ मध्ये दहा लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांसाठी, एकरी सहा सेंट दराने घेतली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे रबर तिथून अर्धवट प्रक्रिया करून बाहेर जात आहे, आणि टायर दुसरीकडे बनत आहेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुढचे बरेच काही उलगडते.

युद्धानंतरचा पहिला मोठा करार लोहखनिजाचा होता. ऑगस्ट २००५ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर, हंगामी सरकारने मित्तल स्टीलशी तो केला. त्यात खनिजाची किंमत ठरवण्याची मुभा कंपनीलाच होती, लांबवता येण्याजोगी करसवलत होती आणि बुकॅनन बंदर व तिथवरचा रेल्वेमार्ग कंपनीच्या ताब्यात जात होता. नव्या सरकारने डिसेंबर २००६ मध्ये तो करार पुन्हा वाटाघाटीला घेतला, खनिजाची किंमत आंतरराष्ट्रीय बाजारभावाला बांधली आणि बंदर व रेल्वेची मालकी देशाकडे ठेवली. युद्धातून नुकत्याच उठलेल्या देशाने जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीला पुन्हा टेबलावर बसवले, याचा मला आजही आदर वाटतो. पहिले जहाज सप्टेंबर २०११ मध्ये बुकॅननहून निघाले, म्हणजे पहिल्या सहीपासून सहा वर्षांनी. वर्तमानपत्रात आकडा सहीच्या दिवशी छापून येतो. पैसा वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने येतो, आणि कधी कधी येतच नाही.

आलेला पैसा जातो कुठे, तेही पाहा. यंत्रे बाहेरून येतात आणि त्यांवर आयातशुल्क माफ असते. अभियंते बाहेरून येतात. पुष्कळदा त्यांचे जेवणखाणही शीतपेट्यांतून बाहेरूनच येते. खनिज रेल्वेने थेट बंदरावर जाते. देशाला स्वामित्वशुल्क (रॉयल्टी), काही कर आणि काही हजार लोकांचे पगार मिळतात. हे कमी नाही, परंतु खाण हे समुद्रातल्या बेटासारखे असते, आणि बेटावरचा पैसा मोनरोव्हियाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईपर्यंत पोहोचता पोहोचता अगदी आटून जातो.

यात गोव्याचाही धागा आहे. पणजीत मुख्यालय असलेल्या सेसा गोवा कंपनीने २०११ मध्ये लायबेरियातील ‘वेस्टर्न क्लस्टर’ या लोहखनिज प्रकल्पात ५१ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी उरलेलाही घेतला. बोमी, बेआ माउंटन आणि मानो रिव्हर असे त्याचे तीन भाग आहेत. नंतर खनिजाचे भाव कोसळले, इबोलाची साथ आली, काम थांबले आणि बोमीत ते पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडले. ज्या कंपनीला खाणकामाचा अनेक दशकांचा अनुभव आणि भांडवल दोन्ही होते, तिलाही दहा वर्षे थांबावे लागले. लहान कारखानदाराने ही गोष्ट विसरू नये, कारण त्याला दहा वर्षे थांबण्याची सोय नसते.

जमिनीचा विषय यापेक्षा नाजूक आहे. २००९ मध्ये मलेशियाच्या साइम डार्बी कंपनीला पाम लागवडीसाठी सुमारे २,२०,००० हेक्टर जमीन ६३ वर्षांसाठी देण्यात आली. नकाशावर ती रिकामी दिसत होती. प्रत्यक्षात तिथे गावे, शेते, दफनभूमी आणि पूजेची राने होती. ग्रँड केप माउंट परगण्यातील गावकऱ्यांनी २०११ मध्ये तक्रार केली, काम रखडले, आणि शेवटी दहा हजार हेक्टरच्या आसपास लागवड झालेली असताना कंपनी व्यवसाय विकून २०२० च्या सुरुवातीला बाहेर पडली. दोष केवळ कंपनीला देता येणार नाही, कारण सरकारने जी जमीन देऊ केली ती रूढीने गावांची होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखापरीक्षणात २००९ ते २०११ या काळातल्या ६८ करारांपैकी अवघे दोन पूर्णपणे कायद्याला धरून झाल्याचे आढळले होते. २०१८ च्या जमीन हक्क कायद्याने गावांच्या रूढीगत मालकीला मान्यता दिली, हा माझ्या मते युद्धानंतरच्या वीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय होता, आणि तो कोणत्याही गुंतवणूक परिषदेत मी टाळ्या घेताना पाहिला नाही.

जमिनीचे हे प्रकरण लहान माणसालाही भोवते. आमच्या कंपनीने शहराबाहेर गोदामासाठी अडीच एकर जागा वीस वर्षांच्या भाड्याने घेतली. परदेशी व्यक्तीला तिथे जमीन विकत घेता येत नाही, मालकी फक्त नागरिकांची, म्हणून भाडेपट्टाच करावा लागतो. कुंपणाचे खांब रोवायला सुरुवात झाली त्या सकाळी एक वयस्कर बाई दोन मुलग्यांना घेऊन आल्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडीचा, कडा झिजलेला दस्त काढून आमच्या जीपच्या बॉनेटवर पसरला. आम्ही आमचा दस्त त्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींवर नोंदणीचे शिक्के होते, आणि दोन्हींत हद्द एकाच सोप ट्रीपासून सुरू होत होती. हे झाड तिथे पूर्वापार सीमेची खूण म्हणून लावतात. बाईंनी आम्हाला त्या झाडापाशी नेले, बुंध्यावर हात ठेवला आणि सांगितले, की त्यांच्या सासऱ्यांनी ते लावले तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. आम्ही दोन्ही कुटुंबांना भाडे देऊन तो प्रश्न मिटवला, आणि त्यात एक पावसाळा गेला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की कागद पाहण्याआधी शेजाऱ्यांना भेटा.

आता तुमच्या प्रकल्पाविषयी बोलतो. सर्वप्रथम कायदा. २०१० च्या गुंतवणूक कायद्यात काही व्यवसाय फक्त लायबेरियन नागरिकांसाठी राखीव आहेत, उदाहरणार्थ सिमेंटच्या विटा पाडणे, बर्फ तयार करणे, तांदूळ व सिमेंटची किरकोळ विक्री. आणखी काही व्यवसाय परदेशी माणसाला करता येतात, पण त्यासाठी किमान भांडवलाची अट आहे: संपूर्ण मालकी परदेशी असेल तर पाच लाख डॉलर, आणि किमान २५ टक्के वाटा लायबेरियन भागीदाराचा असेल तर तीन लाख डॉलर. पिण्याच्या पाण्याचा व्यवसाय याच यादीत येतो, आणि पाऊचच्या पाण्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे. त्याचा आजचा अर्थ आणि नंतरचे बदल तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. नातेवाइकांच्या नावावर किंवा एखाद्या स्थानिक मित्राच्या नावावर कागदोपत्री भागीदारी दाखवून हे टाळण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. तिथली राज्यघटना केवळ आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीलाच नागरिकत्व देते, त्यामुळे तुमचे नातेवाईक तिथे चाळीस वर्षे राहिले असले तरी नागरिक नसतील. याच कारणाने तिथे जन्मलेले लेबनीज आणि आपले सिंधी-गुजराती व्यापारी आपली शिल्लक देशाबाहेर ठेवतात, आणि व्यापारात मिळवलेला पैसा कारखान्यात उतरत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. २०१२ मध्ये मोनरोव्हियात सरकारी वीज ज्यांना मिळे त्यांना ती युनिटला अर्ध्या डॉलरहून महाग पडे, कारण ती डिझेलवर तयार होत असे. आम्ही दोन जनरेटर ठेवले होते, एक चाले आणि एक विश्रांती घेई, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता रखवालदार टाकीत पट्टी बुडवून डिझेलची पातळी वहीत लिहीत असे. त्या वहीतला आकडा मी आमच्या विक्रीच्या आकड्याआधी पाहत असे. डिसेंबर २०१६ मध्ये माउंट कॉफीचे पहिले टर्बाइन पुन्हा फिरले, केंद्राची क्षमता ८८ मेगावॅट झाली, आणि त्यानंतर आयव्हरी कोस्टहून येणाऱ्या उच्चदाब वाहिनीतूनही वीज मिळू लागली. दर निम्म्याहून खाली आले. पण या केंद्राला मोठे धरण नाही, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत नदी आटते तशी वीजही आटते. पाऊचच्या पाण्याला सर्वाधिक मागणी याच महिन्यांत असते. म्हणजे तुमचे यंत्र ज्या दिवसांत पूर्ण वेळ चालायला हवे, नेमके त्याच दिवसांत ते डिझेलवर चालेल. तुमच्या ताळेबंदात वर्षाची सरासरी वीज धरू नका, हे चार महिने वेगळे मांडा.

तिसरा प्रश्न चलनाचा. तिथे अमेरिकन आणि लायबेरियन असे दोन डॉलर शेजारी शेजारी चालतात. २०१४ मध्ये एका अमेरिकन डॉलरला साधारण पंच्याऐंशी लायबेरियन डॉलर मिळत, आणि २०१९ च्या मध्यास दोनशेच्या आसपास. मधल्या काळात इबोलाच्या साथीने दहा हजारांवर लोक आजारी पडले, चार हजार आठशेच्या वर दगावले, खनिजाचे आणि रबराचे भाव पडले, आणि संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य टप्प्याटप्प्याने निघून मार्च २०१८ मध्ये पूर्ण गेले. सैन्य गेल्यावर घरभाडी, हॉटेले, ड्रायव्हर-स्वयंपाक्यांचे पगार यांतून येणारे अमेरिकन डॉलर आटले. आता पाऊचचा विचार करा. माझ्या काळात तो रस्त्यावर पाच लायबेरियन डॉलरला, म्हणजे एका नोटेला विकला जाई. किंमत नोटेला चिकटलेली असते, ती पाचाची साडेपाच होत नाही. तुमची फिल्म, सुटे भाग आणि डिझेल मात्र अमेरिकन डॉलरमध्ये येते. चलन घसरते तेव्हा तुमचा खर्च आठवड्याला वाढतो आणि किंमत दोन वर्षे जागची हलत नाही. मधला फरक कारखानदाराच्या खिशातून जातो. असे दोन पाऊचवाले मी बंद पडताना पाहिले. त्यांचे पाणीही चांगले होते आणि ग्राहकही होते.

इथवरचे थोडक्यात असे, की खाणींचे करार तुमच्या धंद्याला मारत नाहीत आणि तारतही नाहीत. तुमचे गणित जमिनीचा दस्त, कोरड्या महिन्यांतली वीज, चलनाचा दर आणि परवान्याची अट यांवर ठरते.

मग तिथे काहीच करू नये का? मला तसे मुळीच वाटत नाही. लायबेरियातला खरा उद्योजकपणा मी बाजारातल्या बायकांत पाहिला. त्या दहा-बारा जणी मिळून ‘सुसु’ चालवतात. सुसु म्हणजे आपली भिशीच. आमच्या एका घाऊक ग्राहक बाई सुसुचा नंबर लागला की तांदळाच्या पन्नास गोण्या रोखीने उचलत, आणि तो तांदूळ बहुतेक वेळा भारतातून आलेला उकडा असे. २०२३ मध्ये भारताने उकड्या तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के शुल्क लावले तेव्हा मला प्रथम त्यांची आठवण झाली. ज्या देशात १९७९ मध्ये तांदळाच्या भाववाढीवरून दंगल पेटली होती, तिथे गोणीचा भाव हा राजकारणाचा विषय असतो. या बायकांकडे भांडवल थोडे आहे, पण बुडवेगिरी जवळजवळ नाही. माझ्या अकरा वर्षांच्या उधारीच्या खात्यात त्यांच्या नावावर बुडीत रक्कम मला एकदाच लिहावी लागली, आणि ती इबोलाच्या वर्षी.

म्हणून माझा सल्ला असा आहे. पाण्याचा कारखाना तुम्ही काढू नका. पाऊच भरणारे लायबेरियन कारखानदार तिथे आधीच आहेत, आणि त्यांना लागणारी छापील फिल्म बाहेरून येते. तुमचे कसब फिल्ममध्ये आहे, पाणी विकण्यात नाही. पहिली दोन वर्षे सांगलीहून फिल्मचे रोल पाठवा, आगाऊ निम्मे पैसे घेऊन, तीन-चार ग्राहकांपुरते. त्यातून कोण वेळेवर पैसे देतो, बंदरातून माल सुटायला किती दिवस लागतात, पावसाळ्यात मागणी किती घटते, हे तुमच्या स्वतःच्या वहीत उतरेल. आकडे जमले तर तिसऱ्या वर्षी एखाद्या स्थानिक कारखानदाराला खरा, पैसे घातलेला भागीदार करून तिथेच छपाई आणि कटिंगचे यंत्र बसवा. वापरलेल्या पाऊचचा कचरा मोनरोव्हियातल्या गटारांत तुंबतो, तो गोळा करून पुन्हा वापरण्याचे कामही त्याला जोडता येईल, आणि खाणींच्या करारांपेक्षा अशा वीस माणसांच्या कारखान्याने गल्लीत जास्त पैसा फिरेल, असे माझे मत आहे. तुमच्या नातेवाइकांकडे स्वच्छ भाडेपट्टा असेल आणि तीन लाख डॉलर पाच वर्षे अडकले तरी तुमचे घर चालणार असेल, तर हा क्रम थोडा लवकर उरकता येईल. या दोहोंपैकी एक जरी नसेल, तर घाई करू नका.

जाऊन यायचे असेल तर दोनदा जा. एकदा फेब्रुवारीच्या अखेरीस, जेव्हा वीज कमी आणि तहान जास्त असते. दुसऱ्यांदा जुलैत. मोनरोव्हियात वर्षाला साडेचार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, महाबळेश्वरची आठवण यावी असा, आणि शहराच्या कडेचे कच्चे रस्ते तेव्हाच खरे कळतात. दोन्ही वेळा तीन-चार पाऊचवाल्यांकडे जाऊन बसा आणि त्यांना विचारा, की काल जनरेटर किती तास चालला, फिल्मचा शेवटचा रोल किती डॉलरला पडला, आणि सकाळी भरून गेलेली गाडी संध्याकाळी किती पोती परत घेऊन आली.